सूचना नसलेलं कोडं

चैत्र संपत आला की आमच्या अमरावतीत माळ्यावरून कुलर खाली उतरतात. वर्षभराची धूळ, कोपऱ्यात एखादं पालीचं अंडं, गंजलेल्या पत्र्याला हात लागू नये म्हणून गुंडाळलेलं जुनं पोतं. मग वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या, पंप चालतो का ते पाहायचं, आणि पाण्याची पहिली धार ताटीवर उतरली की घरभर तो ओला, मातकट, थंड वास पसरतो. यंदाही परवा पसरला. लोकांना त्या वासानं आजोळ आठवतं, परीक्षा संपल्याचे दिवस आठवतात. मला एक कोडं आठवतं, आणि थोडी लाजही वाटते.

तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मी संशयात काढला. तशी मी मुळातच संशयी. तीस वर्षं सरकारी कचेरीत कागदांची छाननी केली, त्याचा हा परिणाम असावा, किंवा मी अशी म्हणूनच मला त्या टेबलावर बसवलं असेल. दूध ओतताना मला पाण्याचा आवाज येतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा कंडक्टरला मी दोनदा विचारलं होतं, अर्ध्या वाटेत तर उतरवणार नाही ना? आमचे हे म्हणतात, "तू वर गेली की चित्रगुप्ताची वहीही तपासून घेशील." घेईनच. त्यात चूक नसेलच कशावरून?

पण त्या उन्हाळ्यात संशय होता तो माझ्या सख्ख्या भावावर.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचं गाव हिवरखेड. लहानपणी गावात वर्तमानपत्र यायचं ते ग्रामपंचायतीत, तेही दुपारच्या गाडीनं. पुढाऱ्यांच्या बातम्या मोठी माणसं वाचायची आणि आम्ही दोघं मागच्या पानावरच्या शब्दकोड्यासाठी ताटकळत उभे राहायचो. पंचायतीच्या पेपरवर पेन टेकवायची सोय नव्हती. म्हणून दादा पाटीवर चौकटी उतरवून घ्यायचा, काळी घरं खडूनं भरायची नाहीत तर त्यात फुली मारायची, आणि मी सूचना पाठ करायचे. आडव्या नऊ, उभ्या नऊ. घरी येताना वाटेवरच्या लिंबाखाली बसून मी एकेक सूचना म्हणायची आणि तो ऐकून घर भरायचा. कडुलिंबाचा मोहोर पाटीवर पडत राहायचा, तो फुंकून टाकायचा आणि पुढचं घर. माझं काम बोलायचं, त्याचं ऐकायचं, अशी वाटणी तेव्हाच झाली होती.

पुढे तो अकोल्याला शाळेत शिक्षक झाला, मी लग्न होऊन अमरावतीला आले. पण दोन्ही घरी पेपर एकच. सकाळी नऊला त्याचा फोन यायचाच. आधी कोणी कोडं पाहायचं नाही हा नियम.

"सुमे, वाच."

"आडवं सात. पाच अक्षरं."

"थांब, पेन झटकू दे. हं."

पंधरा मिनिटांत कोडं संपायचं आणि मग माय कशी आहे, ऊन किती आहे, तुरीला काय भाव, एवढं बोलून फोन खाली. एखादा दिवस फोन आला नाही तर मला चहा गोड लागायचा नाही. माहेर म्हणजे माझ्यासाठी ती पंधरा मिनिटंच होती.

माय गेली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. तेरवी झाली, मी परत आले. थंडीत फोन येत राहिले, पण आखडते. संक्रांतीनंतर एक दिवसाआड, मग चार दिवसांनी. मी केला तर वहिनी उचलायची. "हे बाहेर गेले ताई." सकाळी नऊला? दादा कधी फोनवर आलाच तर दोन शब्द बोलायचा. "कुलर चालू आहे सुमे, काई समजून नाई राह्यलं. ठेवतो." फाल्गुनात कुलर? बरं, अकोल्याचं ऊन, लावलाही असेल. पण कोडं? कोड्याचं नावच नाही.

इथे मला दुसरीच गोष्ट दिसायला लागली. माय गेल्यावर हिवरखेडच्या शेतीला वारस लागणार, सातबाऱ्यावर दादाचं नाव आणि त्याखाली माझं. काळी, पाण्याची जमीन. आणि भाऊ बहिणीशी कमी बोलायला लागला की पुढे काय येतं ते मी कचेरीत बसून तीस वर्षं पाहिलेलं होतं. आमच्या शेजारचंच दार दस्त नोंदणीचं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की भाऊ बहिणींना घेऊन यायचे. बहिणींच्या अंगावर नवीन साडी असायची, घडीच्या रेघा न मोडलेली, एखादीच्या पदराला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आदल्या दिवशी रस-पोळीचं जेवण झालेलं असायचं. हक्कसोडपत्रावर सही करताना बहुतेकजणी हसत असायच्या, आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुवायच्या. मी खिडकीतून पाहायची आणि मनात म्हणायची, माझा दादा असा नाही.

आता मला तेवढी खात्री वाटेना. जमीन मला हवी होती असंही नाही. मी काय नांगर धरणार होते? पण त्यानं मला गोड बोलून, जेवू घालून, कागदापुढे बसवू नये एवढंच वाटत होतं. सरळ मागितली असती तर उभ्या उभ्या सही केली असती. फसवून मागितली तर शेत जाईल त्याचं काही नाही, भाऊ जाईल.

अशात वैशाख लागायच्या आधी अकोल्याहून रोज येणं-जाणं करणाऱ्या एका ओळखीच्या मास्तरांनी पाकीट आणून दिलं. वर दादाचं वळणदार अक्षर. आत छापील कोड्याची झेरॉक्स आणि चिठ्ठी. "सुमन, हे नव्या तऱ्हेचं कोडं वाचनालयात सापडलं. याला सूचना लागत नाहीत. सोडवून अखाजीला घेऊन ये. मायची पहिलीच अखाजी आहे." बोलताना तो वऱ्हाडी, लिहिताना मास्तर.

अखाजीला ये. झालं! मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आत आणखी कागद आहे का म्हणून. नव्हता.

मग कोडं पाहिलं आणि आणखीच बिथरले. चौकटी होत्या, काळी घरं होती, पण आडवे-उभे शब्द ओळखायला काही म्हणता काही नाही. प्रत्येक पांढऱ्या घरात एक आकडा. खाली बारीक अक्षरात नियम : एका आकड्याचं एकच अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, तोच आकडा जिथे जिथे येईल तिथे तेच अक्षर. मदतीला दोन अक्षरं दिलेली. सात म्हणजे र आणि बारा म्हणजे का. बाकी तुमचं तुम्ही पाहा.

मला हा प्रकार सरळ बनवाबनवीचा वाटला. विचारायचं काहीच नाही आणि उत्तर मात्र द्यायचं! कचेरीत असा अर्ज आला असता तर मी त्रुटी काढून परत पाठवला असता. सूचना असलेल्या कोड्यात निदान समोरचा माणूस तुमच्याशी बोलतो; चुकीचं का होईना, काहीतरी सांगतो. इथे नुसते आकडे, तोंड मिटून बसलेले. गेले तीन महिने दादा बसला होता तसेच.

तरी दुपारी घेऊन बसले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. गच्चीवर कुरड्या वाळत घातलेल्या, त्यांचा आंबूस वास जिन्यातून खाली येत होता. कुलर धडधडत होता आणि त्याच्या वाऱ्यानं कागद उडायचा म्हणून मी त्यावर अडकित्ता ठेवला. एक चार घरांचा शब्द होता : तीन, सात, तीन, सात. म्हणजे काहीतरी, र, पुन्हा तेच, पुन्हा र. मी खूश झाले, आणि लगेच माझी खुशी उतरली. भरभर, चरचर, थरथर, सरसर, गरगर, कुरकुर! आपल्या भाषेत असे शब्द उन्हाळ्यात निघणाऱ्या मुंग्यांएवढे. यातला कोणता हे सांगणार कोण? हीच ती लबाडी, असं मी मोठ्यानं म्हटलं. ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कोणाची?" मी म्हटलं, "आहे एकाची."

शेजारी तीन घरं : बारा, तीन, वीस. का-काहीतरी-काहीतरी. सरसर धरलं तर कासव होत होतं. लिहिलं. पुढे एक शब्द तीन, आठ, सात असा होता. स ने सुरू होणारा, र ने संपणारा, मधल्या आठाला जे अक्षर धरावं ते दुसरीकडे अडत होतं. खोडलं. गरगर धरून पाहिलं. गवार! आठ म्हणजे वा. भाजी नीट बसली. आणि मग कासवाच्या जागी आपोआप आलं ते : का, ग, द.

कागद.

मी चष्मा काढला आणि परत लावला. बारा, पंधरा असा दोनच घरांचा शब्द होता, तो काटा निघाला. पंधरा म्हणजे टा. आणि डावीकडे आडवं : आठ, पंधरा, अकरा. वा, टा, आणि एक रिकामं घर. वाटा! तिसऱ्या घराकडे मी पाहिलंही नाही. कागद आणि वाटा. अखाजीला ये. तोंडानं बोलायची लाज वाटते म्हणून मास्तर छापील कागद पाठवतो! उजवीकडचा खालचा कोपरा अर्धा तसाच टाकून मी कोडं घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि ह्यांना सांगितलं, "मी जाणार आहे अखाजीला. पण नवी साडी घेणार नाही, आणि सही करणार नाही."

ते उठून बसले. "कोणी सही मागितली?"

"मागतील."

छापील कोडं कुणीतरी कुठेतरी बसून तयार केलेलं असतं, त्याला माझं शेत, माझा भाऊ काही ठाऊक नसतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण संशयाला एकदा अक्षर मिळालं की तो शब्द स्वतःच पुरा करतो.

अखाजीच्या सकाळी बडनेऱ्यावरून गाडी निघाली. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून दोन्ही बाजूंना उलगवाडी होऊन रिकामी झालेली शेतं, बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, नांगरून उन्हात टाकलेली काळी ढेकळं. त्या रस्त्यानं जाताना मला एरवी दर थांब्याला माहेर जवळ आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी मनात जबाब तयार करत होते. तो असं म्हणाला तर मी तसं म्हणेन.

दादाच्या घरी मायच्या नावानं मातीची घागर भरून ठेवलेली होती, तिच्या तोंडावर खरबूज, बाजूला पिकलेले दोन आंबे. मी पाया पडले. वहिनी गळ्यात पडून रडली. दादा "आली का?" म्हणून हसला आणि लगेच कुलरच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला. कुलर पुऱ्या जोरात. खोलीत एकाचं बोललेलं दुसऱ्याला कळत नव्हतं. मी दोनदा म्हटलं, "दादा, जरा हळू कर ना तो." त्यानं मान हलवली आणि बसून राहिला. मला वाटलं, हा आवाजाच्या आड बसलाय. माझं वाटणं खरंच होतं, फक्त कारण दुसरं होतं.

रस-पोळी झाली. पाटाखाली घडी केलेली साडी असेल म्हणून मी पाट जरा सरकवून पाहिला. नव्हती. म्हणजे संध्याकाळी देणार.

जेवणानंतर दादा उरलेले आंबे घेऊन मागच्या दाराशी बसला. माझ्याकडे पाठ करून एकेक आंबा दाबून माचवत होता, संध्याकाळच्या रसासाठी. आणि लाईन गेली. कुलर दोन गचके देऊन थांबला. सगळीकडे एकदम इतकं शांत झालं की ताटीवरून गळणारे थेंब ऐकू यायला लागले. आता तरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं.

"दादा, तुले माही सही पाह्यजे का?"

तो आंबा माचवत राहिला.

एवढा निगरगट्ट झाला हा? मी आवाज चढवला. "दादा! मी इचारून राह्यली तुले. सही पाह्यजे का माही?"

त्यानं साल बाजूला टाकलं, दुसरा आंबा घेतला आणि देठ काढला. मान सुद्धा वळली नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"त्यायले आयकू येत नाई ताई," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, कारण हळू बोलायची गरजच नव्हती. "पोळ्यापासून कमी झालं, संक्रांतीनंतर तं काईच नाई. मशीन लावा म्हनलं तं चिडतेत. तुमाले त बिलकुल सांगू नोको म्हने. फोन वाजला का मले देतेत. दिवसभर कुलर लावून बसतेत, म्हंजे कोनाले वाटलं पाह्यजे का कुलरमुळंच आयकू येत नाई."

मागच्या बाकावरची कुजबुज ऐकून खडू फेकणारा मास्तर हा. लिंबाखाली माझ्या तोंडून अठरा सूचना एका दमात ऐकून घेणारा. नऊ वाजता फोन हातात धरून मी "आडवं सात" म्हणत असेन आणि पलीकडे त्याला नुसतं गुणगुणणं ऐकू येत असेल, आणि तो म्हणत असेल, कुलर चालू आहे. मला वाटलं भाऊ तोंड चुकवतोय. त्याला आमचं कोडं मोडलंय हे कबूल करायचं नव्हतं. म्हणून हा म्हातारा उन्हातान्हात वाचनालयात जाऊन असं कोडं शोधत बसला, ज्याला कोणी वाचून दाखवायला लागत नाही आणि कोणी ऐकायला लागत नाही. मी ते उलटसुलट करून, वास घेऊन, पर्समध्ये कोंबून आणलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की घागरीकडे पाहवेना.

आता तो कानात मशीन घालतो, म्हणजे सणासुदीला घालतो आणि एरवी खणात ठेवतो. सकाळी नऊला माझा फोन वाजत नाही, थरथरतो. वहीवर स्वतः आखलेलं आकड्यांचं कोडं, त्याचा जरा तिरका फोटो. मी सोडवून परत पाठवते. त्याच्या कोड्यात एखादा आकडा चुकलेला असतो अशी मला खात्री असते आणि महिन्यातून एकदा तो सापडतोही. स्वभावाला औषध नाही. यंदाच्या कुलरच्या पहिल्या वाऱ्यात ते सगळं पुन्हा अंगावर आलं, म्हणून लिहीत बसले.

त्या दिवशी मात्र मी तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. ज्याला ऐकू आलं नाही त्याला विचारलंच नाही असं म्हणता आलं असतं. पण कचेरीतली बाई, लेखी घेतल्याशिवाय सुटत नाही. मी दादाच्या समोर जाऊन बसले. पर्समधून कोडं काढलं आणि खाली कोऱ्या जागेत लिहिलं, "तुला माझी सही हवी आहे का?"

त्यानं हात धुतले, पुसले, चष्मा लावला. वाचलं. मग त्याची नजर वर कोड्याकडे गेली आणि उजव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या घरांवर थांबली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं तो ओरडूनच बोलला, "काहून नाई सोडवलं पुरं?"

त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या प्रश्नाखाली दोन आकडे लिहिले. पाच. सोळा.

"सोडव," म्हणाला, आणि परत आंब्यांकडे वळला.

दोन घरांचं उत्तर. होय, की नको? मी तो कागद मांडीवर घेतला. पाच कुठे आहे ते शोधलं. उजव्या कोपऱ्यात उभं : पाच, तीन, सात. तीन म्हणजे ग, सात म्हणजे र. मगर किंवा नगर. हो तिथे बसत नव्हतं, कसंही केलं तरी बसत नव्हतं. मी तरीही थांबले नाही. सोळा, सात, बावीस. बावीस म्हणजे डा, ते मी अमरावतीतच काढलं होतं. काहीतरी-र-डा. सरडा म्हणून पाहिलं, करडा म्हणून पाहिलं. मग कोरडा लिहिलं, आणि पाचच्या घरात न.

नको.

मी वर पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता, हातातून रस मनगटावर उतरलेला. "मायचं नाव गेलं सातबाऱ्यावरून," तो ओरडला, शेजारच्या दोन घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आता तुहंबी काढू का?"

बोलून उपयोग नव्हता. मी त्याच्या आकड्यांखाली लिहिलं, "माझं चुकलं," आणि कागद पुढे केला.

त्यानं वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं कागद उजेडाकडे धरला आणि ओलं बोट कोड्याच्या पहिल्या घरावर ठेवून एकेक घर तपासायला लागला, मास्तर वही तपासतो तसं. "कोनतं?" तो म्हणाला. "कोनतं घर चुकलं?"

मी त्याचं बोट धरलं आणि डावीकडच्या त्या आडव्या शब्दावर नेलं. वा, टा, आणि रिकामं घर. अकरा. मी पेन टेकवून तिथे णा लिहिला.